एक जूनचे दोन भाऊ

पुंडलिकनगरात बन्सी मोल्डरच्या घरी संध्याकाळी पाच ते सात पुढची खोली बन्सीची नसते. त्या वेळात त्याची सून दीपमाला तिथं दहावीच्या मुलींना गणित शिकवते. बन्सी बाहेर ओट्यावर बसतो. खिडकी उघडी असते. त्यामुळे गेली सहा वर्षं तो रोज दोन तास गणित ऐकतो आहे. शाळेत तो दोनच वर्षं गेला होता. म्हणजे खिडकीबाहेरचं शिक्षण शाळेच्या तिप्पट झालं.

ऐकून ऐकून त्याची मतं तयार झाली होती. आकडेमोडीबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती शाब्दिक उदाहरणांबद्दल. एक नाव प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने आठ किलोमीटर जाते, असं आतून ऐकू आलं की तो ओट्यावरून म्हणायचा, "उलट्या पाण्यात नाव घालायची कशाला? पाणी उतरू द्यावं." अपूर्णांकाच्या अंशात तीन मिळवले आणि छेदातून दोन वजा केले, असं आलं की, "ज्याचं त्याच्यापाशी राहू द्या ना." मुली हसायच्या. दीपमाला खिडकी अर्धी लोटायची.

वयाच्या उदाहरणांना मात्र तो गप्प बसायचा. चार वर्षांपूर्वी आईचं वय मुलीच्या वयाच्या पाचपट होतं, आणखी सहा वर्षांनी ते तिप्पट होईल, तर दोघींची आजची वयं काढा. दीपमाला फळ्यावर लिहायची, समजा आईचं वय एक्स, मुलीचं वय वाय. पाच ओळी खाली गेलं की आई चौपन्न, मुलगी चौदा.

"चाळिसाव्या वर्षी लेक झाली म्हणायची," बन्सी बायकोला सांगायचा. "नवरा परगावी असंल."

मालनबाई लसूण सोलता सोलता म्हणायची, "तुमाला काय करायचं?"

पण त्याचा आदर खरा होता. जन्मदाखला नाही, आधार कार्ड नाही, बाईला कधी पाहिलेलं नाही. फक्त दोन गोष्टी सांगायच्या, की सून वय काढून हातात देते. शिवाय नुसतं उत्तर लिहिलं तर एकच गुण, पायऱ्या लिहिल्या तर तीन. मेहनतीला गुण देणारा एवढा एकच विषय बन्सीला जन्मात भेटला.

बन्सीचं स्वतःचं वय हा त्या घरातला दुखरा विषय होता. आधार कार्डावर त्याची जन्मतारीख एक जून एकोणीसशे बावन्न. त्याचा धाकटा भाऊ मोतीराम दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याची तारीख एक जून एकोणीसशे पन्नास. म्हणजे कागदावर धाकटा भाऊ दोन वर्षांनी थोरला. दोघांची एक जून असण्यात नवल नव्हतं. त्यांच्या गावात, बिडकीनच्या पुढं, गुरुजींनी अख्खी शाळा एकाच दिवशी जन्माला घातली होती. नवल होतं ते सालाचं.

त्या काळी शाळेत नाव घालताना वय मोजायची एक रीत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण. छप्पन साली आईनं दोघांनाही गुरुजींपुढं उभं केलं. मोतीराम हातानं लांबडा. त्याची बोटं कान ओलांडून मानेवर गेली. बन्सी हातानं आखूड आणि डोक्यानं मोठा. त्याची बोटं कपाळाच्या पलीकडं उतरून थांबली. गुरुजींनी त्याला परत पाठवलं. पुढच्या वर्षी पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या वर्षी मान वाकडी करून त्यानं कान गाठला, तेव्हा गुरुजींनी लिहिलं, वय वर्षं सहा.

पुढं बहात्तरच्या दुष्काळानंतर बन्सी शहरात आला आणि फाउंड्रीत लागला. अडतीस वर्षं त्यानं वाळूचे साचे भरले. वाळू चाळायची, ओली करायची, पेटीत भरून ठोकायची, लोखंड ओतायच्या आधी साच्याचा कोपरा न कोपरा तपासायचा. दिवसाला ऐंशी साचे. ठोकणं एक टोला कमी पडलं तर ओतकामात फोड येतो, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याचा टोला कधी कमी पडला नाही. अर्धवट काम केलेला माणूस त्याला लांबून ओळखू यायचा. मोतीराम त्याला फार लांबून ओळखू यायचा. मोतीराम एका कंपनीच्या गेटवर रखवालदार होता आणि त्याचं सगळं काम खुर्चीवर झालं होतं.

घरात मोतीराम त्याला दादा म्हणायचा. बाहेर मात्र, "कागदावर मीच थोरला, बरं का," असं चहाच्या टपरीवर सांगायचा. जूनमध्ये कागदावर पंचाहत्तर पूर्ण झाली आणि एसटीचा प्रवास फुकट झाला, तसा तो उठसूट फर्दापूरला जायचा, स्टँडवर चहा प्यायचा आणि परत यायचा. अजिंठ्याची लेणी तिथून जवळ, पण ती त्यानं एकदाही पाहिली नाहीत.

एवढं सगळं बन्सीनं चालवून घेतलं. पण सप्टेंबरात फ्लेक्स लागला.

फ्लेक्स ज्येष्ठ नागरिक मंडळाचा होता. एक ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, पंचाहत्तरी गाठलेल्यांचा सत्कार. वर मोतीरामचा मोठा फोटो. खाली बन्सीचा लहान फोटो आणि त्याखाली ओळ : "धाकटे बंधू श्री. बन्सी हे ज्येष्ठ बंधूंची पाद्यपूजा करतील."

बन्सीनं ती ओळ तीनदा वाचली. घरी आला.

"वाचलं का ते?"

"वाचलं," मालनबाई म्हणाली. "फोटो बरा आलाय तुमचा."

"फोटो राहू दे. धाकटे बंधू लिवलंय. मी त्या मोत्याच्या पाया पडायचं?"

"पडा की. कंबर तेवढीच मोकळी व्हईल."

"ज्याचं नाक म्या पुसलं, त्याच्या पाया पडू? साऱ्या कॉलनीसमोर?"

मालनबाईनं मग थट्टा सोडली. थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडणं हे तिलाही पचणारं नव्हतं. असं केलं तर धाकट्याचं आयुष्य कमी होतं, असं तिची सासू म्हणायची.

बन्सी मंडळाच्या अध्यक्षांकडं गेला. अध्यक्ष पुंजारामजी सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक लाल आणि एक निळं.

"अध्यक्ष, मी थोरला हाय."

"आधार कार्ड काय म्हणतं?"

"आधार खोटं बोलतंय."

"बन्सीराव, आधार खोटं बोलत नसतं. माणूस बोलतो. दुसरा पुरावा आणा."

"आई गेली. गुरुजी गेले. शाळेची इमारतबी नवी झाली. पुरावा कुठून आणू?"

पुंजारामजींनी हात पसरले. बन्सी उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"माझी सून दोन गोष्टींवरनं दोन माणसांची वयं काढती. न पाहिलेल्यांची. ती चालंल का?"

पुंजारामजींना गणिताचा अभिमान होता. मॅट्रिकला त्यांना गणितात ब्याऐंशी मिळाले होते आणि हे ते साठ वर्षं विसरले नव्हते. त्यांनी थोडा विचार केला. "चालेल. पण साक्षी तुमच्या नकोत. फिर्यादीचीच साक्ष धरत नाहीत. तिसऱ्या माणसाच्या पाहिजेत. आणि गणित माझ्यासमोर सोडवायचं. पायऱ्यांसकट."

"पायऱ्या तर पायजेतच," बन्सी म्हणाला. त्याला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

दीपमालानं ऐकलं आणि आधी कपाळाला हात लावला. "बाबा, पुस्तकातली माणसं वेगळी असतात. ती खोटं बोलत नाहीत."

"आपलीबी नाय बोलणार. तू फळा पूस."

तिसरं माणूस एकच उरलं होतं. दोघांची थोरली बहीण आवडाबाई, बिडकीनला दिलेली. वय ब्याऐंशी, कान पक्के, दात चार. रविवारी सकाळी तिला रिक्षानं आणलं. येताना तिनं फडक्यात गुंडाळून पितळेचा एक तांब्या आणला होता. पुरावा लागतो म्हणून कुणीतरी सांगितलं होतं.

पुढच्या खोलीत सगळे बसले. भिंतीला फळा. फळ्याजवळ दीपमाला. पहिल्या बाकावर पुंजारामजी, वही उघडून. दुसऱ्या बाकावर दोघं भाऊ, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आवडाबाई खुर्चीत.

"तर, समजा बाबांचं आजचं वय एक्स," दीपमाला म्हणाली आणि लिहिलं. "काकांचं आजचं वय वाय."

"मी का वाय?" मोतीराम म्हणाला. "कागदावर थोरला मी. मला एक्स पाहिजे."

"काका, उत्तराला फरक पडत नाही."

"पडत नाय तर मग दे की."

पुंजारामजींनी लाल पेन आपटलं. एक्स बन्सीकडं राहिला.

"आक्का," दीपमाला म्हणाली, "लहानपणचं काहीही सांगा. पण त्यात आकडा पाहिजे."

आवडाबाईनं डोळे मिटले. "आकडा म्हंजी दिव्यांचा हाय माझ्यापाशी."

मग तिनं सांगितलं. तिच्या पाठची दोन लेकरं दगावली, म्हणून आईनं गावच्या देवीला नवस बोलला होता. पुढची लेकरं जगली तर दर नवरात्रात, लेकाच्या भरलेल्या एका वर्षाला एक दिवा. बन्सीची वर्षं आणि मोतीरामची वर्षं मिळून जेवढी होतील तेवढे दिवे, एका ओळीत. "महाराष्ट्र झाला त्या साली ईस दिवे लावले. चावडीवर पेढे वाटले होते, मला चांगलं आठवतं. माहेरी आले होते मी. पुजारी आईवर खेकसला, म्हणे बाई, माझ्या देवीपेक्षा तुझ्या पोरांनाच तेल जास्त लागतंय."

"एकोणीसशे साठ," पुंजारामजी म्हणाले आणि वहीत लिहिलं. "पासष्ट वर्षं झाली."

दीपमालाचा खडू पळाला. एक्समधून पासष्ट गेले, वायमधून पासष्ट गेले, राहिलेल्यांची बेरीज वीस. म्हणून एक्स अधिक वाय बरोबर दीडशे.

"दोघांची मिळून दीडशे वर्षं," ती म्हणाली.

दीडशे हा आकडा एकदम ऐकला की कुणालाही दम लागतो.

"अजून एक पाहिजे, आक्का. दोन माणसं, दोन गोष्टी."

आवडाबाईनं फडकं सोडलं आणि तांब्या पुढं केला. काठावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं होतं आणि साल, १९५४. "माझ्या लग्नाचा तांब्या. त्या नवरात्रात आठ दिवे होते. सासरी जायच्या आदी मीच पुसले, मीच वळी लावली."

पुंजारामजींनी तांब्या उलटसुलट करून पाहिला. "भांड्यावरचं साल म्हणजे कागदच. ग्राह्य."

खडू पुन्हा पळाला. एकाहत्तर वर्षं मागं. दोन्हीकडून एकाहत्तर गेले, बेरीज आठ. म्हणून एक्स अधिक वाय बरोबर... दीपमाला थांबली. मग तिनं हळूच लिहिलं, दीडशे.

"पुन्हा तेच आलं."

"म्हंजी बरोबर आलं," बन्सी म्हणाला.

"बरोबर आलं, पण नवीन नाही आलं. दोघं दर वर्षी एकेक वर्षानं वाढतात. दिवे दोनानं वाढतात. आक्कांनी कुठलंही साल सांगितलं तरी दीडशेच येणार. एकच गोष्ट दुसरं लुगडं नेसून आली."

"मग आता उत्तर किती?"

"असंख्य. तुम्ही शंभर आणि काका पन्नास, तरी बसतं. तुम्ही पन्नास आणि काका शंभर, तरी बसतं."

"ते दुसरं बसू द्या," मोतीराम म्हणाला.

बन्सीनं त्याच्याकडं पाहिलं. "लेका, शंभर वर्षांत काय काम केलंस ते सांग."

मोतीरामला आता जोर चढला. तो उठून उभा राहिला. "माझ्यापाशीबी एक गोष्ट हाय. नेहरू गेले त्या साली आईनं तीस दिवे लावले. मी स्वतः मोजले. तेल आणायला मलाच धाडलं होतं."

चौसष्ट साल. एकसष्ट वर्षं मागं. दीपमालानं मांडलं आणि खडू खाली ठेवला. "एक्स अधिक वाय बरोबर एकशेबावन्न."

पुंजारामजी पुढं वाकले. "वर दीडशे, खाली एकशेबावन्न. हे कसं?"

"मग उत्तरच नाही. एक्स नाही, वाय नाही. दोन्ही रेषा समांतर. कुठं भेटतच नाहीत."

"आमी दोघं हायतच नाय?" बन्सी म्हणाला.

"गणिताप्रमाणे नाही, बाबा."

मालनबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मग चहा कुणाला देऊ?"

आवडाबाई खुर्चीत खदखदायला लागली होती. चार दातांचं हसू आवरून तिनं मोतीरामकडं बोट केलं. "अरे मोत्या, त्यातले दोन दिवे म्हशीचे व्हते. म्हस गाभण व्हती, दोनदा गाभ टाकला व्हता, म्हणून आईनं म्हशीसाठीबी नवस केला. तुला तेल आणायला धाडलं, म्हशीचं कशाला सांगंल?"

तीसमधून दोन गेले. एकशेबावन्नचे दीडशे झाले. पुंजारामजींनी वहीत लिहिलं : म्हैस, दोन. खाली रेघ मारली. गाडी पुन्हा होती तिथंच.

आणि तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!"

आठ दिवसांनी आलेलं पाणी गणितासाठी थांबत नाही. दीपमालानं खडू टाकला आणि नळी ओढली. बन्सीनं दोन्ही हातांत बादल्या घेतल्या. पुंजारामजी शेजारच्याच गल्लीतले. ते वही बाकावर ठेवून घराकडं पळत गेले, मोटार चालू करून धापा टाकत परत आले आणि ओट्यावर बसले. मोतीराम दारात उभा राहून कुठलं पिंप कधी भरतंय ते सांगू लागला.

"सांगतोस काय? बादली धर," बन्सी म्हणाला.

"माझे बूट भिजतील."

"मग काढ."

मोतीरामनं बूट काढले. मालनबाईनं दारामागून एक जुनी चप्पल त्याच्या पुढं सरकवली. अंगठा झिजलेली, एका बाजूनं शिवलेली, बन्सीची. मोतीरामनं पाय घातला, चार पावलं गेला, ओल्या फरशीवर घसरला आणि पिंपाला धरून कसाबसा उभा राहिला. मग त्याचा सत्तर वर्षांचा राग एकदम बाहेर आला.

"परत याचीच जुनी! जन्मभर म्या याच्या जुन्या पायताणात दिवस काढले! पाटलांची गुरं राखली आमी दोघांनी. राखील त्याला वर्षाला पोळ्याला एक नवा जोड द्यायचे पाटील. हा नवा घालून मिरवायचा आन जुना मला! मला पयला नवा जोड मिळाला तवा याचा तिसरा व्हता! तिसरा! आन तोबी माझ्यापेक्षा मऊ कातड्याचा!"

नळीतलं पाणी पिंपाबाहेर सांडत होतं. दीपमाला तशीच उभी होती.

"काका, काय म्हणालात? तुमचा पहिला, तेव्हा बाबांचा तिसरा?"

"तिसरा! आक्काला इचार!"

"आक्का," दीपमाला खोलीकडं तोंड करून ओरडली, "दोघं गुरांमागं कितव्या वर्षी गेले?"

"धा दिवे भरल्याबिगर आईनं कुणालाच धाडलं नाय," आतून आवाज आला. "दोघांनाबी धाच."

दीपमाला ओल्या पायांनी फळ्याकडं गेली. तिच्यामागं पुंजारामजी. त्यांच्यामागं बन्सी, हातात भरलेली बादली तशीच घेऊन. फळ्यावर तिनं लिहिलं, एक्स वजा वाय बरोबर दोन.

"दोघं दहाव्या वर्षी कामाला लागले. काकांच्या पहिल्या जोडाला बाबांचा तिसरा. म्हणजे बाबांनी दोन वर्षं आधी सुरुवात केली. म्हणजे दोन वर्षांनी मोठे." तिनं दोन्ही समीकरणं एकाखाली एक मांडली आणि बेरीज केली. वायला वाय कटला. दोन एक्स बरोबर एकशेबावन्न. एक्स बरोबर शहात्तर. वाय बरोबर चौऱ्याहत्तर.

"ताळा," पुंजारामजी म्हणाले.

"शहात्तर आणि चौऱ्याहत्तर दीडशे. शहात्तरातून चौऱ्याहत्तर गेले दोन."

पुंजारामजींनी निळ्या पेनानं उत्तराभोवती चौकट केली. "साक्ष आरोपीनं स्वतः दिली. सिद्ध."

मोतीराम दारात उभा होता. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. आपण काय बोललो हे त्याला आत्ता कळत होतं. "पण... मग मी चौऱ्याहत्तरच? सत्काराला पंचाहत्तर लागतात."

यावर सगळ्यांनीच पुंजारामजींकडं पाहिलं. फ्लेक्स छापून झाला होता. शाल आणली होती. प्रमुख पाहुण्यांनी वेळ दिली होती. पुंजारामजींनी दोन्ही पेनं खिशात ठेवली. चाळीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस तो. अडचणीतून वाट काढणं त्याच्या हाडात होतं.

"सत्य वेगळं आणि नियम वेगळा," ते म्हणाले. "मंडळाचा नियम आधार कार्डाचा आहे. तेव्हा शाल कागदाप्रमाणे, पाया पडणं गणिताप्रमाणे. मोतीरामजी, तुम्ही शाल घ्याल आणि बन्सीरावांच्या पाया पडाल. कबूल?"

"चौऱ्याहत्तरचा आकडा या खोलीबाहेर जाणार नसंल तर कबूल," मोतीराम म्हणाला. "लोक हसतील. आन एसटीवाले काय म्हणतील?"

"मी नाय सांगत कुणाला," बन्सी म्हणाला. "पण पाया पडायचं ते पुरतं पडायचं. गुडघ्याला हात लावून पळायचं नाय."

बन्सी जिंकला होता. पण तो फळ्यासमोरून हलला नाही. बादली खाली ठेवून तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

"दीपमाला, म्या दोन हजार बारा साली रिटायर झालो. साठ पुरे म्हणून."

"हो, बाबा."

"या हिशेबानं तवा किती व्हतो?"

तिनं कोपऱ्यात वजाबाकी केली. शहात्तरातून तेरा. "त्रेसष्ट."

"तीन वर्षं जास्त ओढली म्हंजी." त्यानं फळ्याकडं पाहिलं. तीन वर्षांच्या नऊशे पाळ्या धर, पाळीला ऐंशी साचे. एवढं गणित त्याला सुनेशिवाय येत होतं. बहात्तर हजार. "तरीच," तो म्हणाला. "शेवटी शेवटी पेटी जड लागायची. म्या म्हणायचो, वाळू बदलली असंल."

मग मोतीराम म्हणाला, "आन मी?"

"तू दोन हजार दहाला रिटायर झालास," बन्सी म्हणाला. "चौऱ्याहत्तरातून पंधरा. एकोणसाठचा व्हतास. एक वर्ष बुडवलंस."

"खुर्चीवरच बसायचं व्हतं, दादा. तिथं बसलो काय, घरी बसलो काय."

बन्सीनं बादली उचलली. मालनबाईनं पाहिलं की त्याची पाठ नेहमीपेक्षा ताठ होती. त्या दिवशी त्यानं एकट्यानं चारही पिंपं भरली आणि प्रत्येक काठोकाठ भरलं.

दोन दिवसांनी फ्लेक्सवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटल्या. "धाकटे"च्या जागी "थोरले", "ज्येष्ठ"च्या जागी "कनिष्ठ", "करतील"च्या जागी "स्वीकारतील". पट्ट्या इतक्या झाल्या की बन्सीच्या फोटोची हनुवटीही झाकली गेली. दूधवाला रहीम सायकल थांबवून म्हणाला, "क्या चाचा, एका हप्त्यात धाकट्याचे थोरले झालात?"

"आधीपासूनच व्हतो," बन्सी म्हणाला. "गणित उशिरा सुटलं."

एक ऑक्टोबरला संध्याकाळी समाजमंदिर भरलं. पुढच्या रांगेत आवडाबाई, तिच्या शेजारी मालनबाई आणि दीपमाला. मोतीरामनं नवा सदरा घातला होता. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. मग पुंजारामजी माईक हातात घेऊन पुढं आले.

"आता सत्कारमूर्ती मोतीरामजी आपले थोरले बंधू बन्सीराव यांचे आशीर्वाद घेतील."

बन्सी मंचावर येऊन खुर्चीत बसला. पाय जोडून घेतले. पायांत नवी चप्पल होती. ती त्यानं काढून बाजूला ठेवली.

मोतीराम आला. त्यानं लोकांकडं पाहून हसून घेतलं. मग तो थोडासा पुढं झुकला आणि बन्सीच्या गुडघ्याच्या आसपास हवेत हात फिरवला.

"अर्धवट नाय," बन्सी हळू आवाजात म्हणाला.

मोतीराम आणखी वाकला. हात नडगीपर्यंत गेले.

"अजून."

"दादा, लोक बघतायत."

"लोकांसाठीच चाललंय. अजून. साचा अर्धा भरून चालत नसतो."

पुंजारामजी माईक घेऊन अगदी जवळ उभे होते, म्हणजे आशीर्वादाचे शब्द सगळ्यांना ऐकू जावेत. मोतीरामनं डोळे मिटले, श्वास धरला आणि पुरता वाकला. कपाळ पायांना टेकलं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बन्सीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "शंभर वर्षं जग," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

टाळ्या थांबल्या. मोतीराम उठेना.

"ऊठ."

"उठवंना."

कंबर धरली होती. प्रमुख पाहुणे खुर्चीत पुढं सरकले. बन्सीनं दोन्ही हात खाली घातले. लांब नव्हते, पण मोतीरामच्या काखांपर्यंत पोचले. अडतीस वर्षं ओल्या वाळूच्या पेट्या उचललेल्या त्या हातांनी त्यानं भावाला एका दमात वर घेतलं. मोतीराम कळवळला आणि पुंजारामजींच्या माईकसमोर, दोन्ही स्पीकरमधून, स्पष्ट आवाजात म्हणाला, "दादा, सावकाश रे! चौऱ्याहत्तर वर्षांची हाडं हायत!"

प्रमुख पाहुण्यांनी वर लावलेल्या फ्लेक्सकडं पाहिलं. तिथं लिहिलं होतं, पंचाहत्तरी. पुढच्या रांगेत आवडाबाई पदरात तोंड घालून हलत होती. दीपमाला छताकडं बघत होती.

पुंजारामजींनी माईक खाली केला, पुन्हा वर केला. "पुढचा सत्कार," ते म्हणाले.

शाल कुणी परत मागितली नाही. ती एका बाजूला घसरली होती. बन्सीनं भावाला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं, शालीची दोन्ही टोकं ओढून सारखी केली आणि समोर पाहत बसला. पुढचा सत्कार सुरू झाल्यावर मोतीराम त्याच्याकडं कलला.

"पुरतं पडलो का?"

"पडलास," बन्सी म्हणाला.